टाइम कॅप्सूल अर्धी रिकामी आहे, मग घरच्या फायली तिथेच का ठेवू नयेत?

रावपुऱ्याची लेक:
घरी ॲपलची 2 टीबीची टाइम कॅप्सूल आहे. राउटर आणि हार्ड डिस्क एकाच डब्यात, मॅकचा बॅकअप वायफायवरून आपोआप त्यात जातो. लॅपटॉप 256 जीबीचा, गळ्यापर्यंत भरलाय. पणजोबांच्या वेळचे मोडी कागद स्कॅन केले, बाबांच्या आवाजातल्या आरत्यांच्या कॅसेट उतरवून घेतल्या, असं सगळं मिळून 120 जीबी झालं. ते कॅप्सूलमध्ये टाकून लॅपटॉपवरून काढायचं ठरवलंय. घरातल्या चौघांनाही ते आपापल्या मशीनवर उघडता येईल. जागा पैसे मोजून घेतलीय, ओसाड का ठेवायची?

मांजलपूरकर:
ताई, टाका खुशाल, पण लॅपटॉपवरून काढू नका. टाइम मशीन, म्हणजे मॅकमधली बॅकअपची सोय, तुमच्या मॅकच्या डिस्कचा बॅकअप घेतं, नेटवर्कवरच्या ड्राइव्हचा घेत नाही. कॅप्सूलमध्ये थेट ठेवलेल्या फायलींची दुसरी प्रत कुठेच नसेल. आत डिस्क एकच, ती बसली की बाबांचा आवाज गेला. शिवाय ॲपलने ही वस्तू 2008 मध्ये आणली आणि 2018 मध्ये बंद केली. तुमची डिस्क किती वर्षं फिरतेय, ते बघा.

अलकापुरीचा दादा:
एवढं घाबरवू नका हो. मी पाच वर्षं असंच वापरतोय. नेटवर्कवरचा बॅकअप एका वेगळ्या स्पार्स बंडलमध्ये, म्हणजे डिस्कसारख्या वागणाऱ्या एका मोठ्या फाइलमध्ये बसतो, आपले फोल्डर त्याच्या शेजारी राहतात. जागा संपली की टाइम मशीन स्वतःचे सगळ्यात जुने बॅकअप पुसतं, आपल्या फायलींना हात लावत नाही. भरलेल्या लॅपटॉपवर काम करणं हीसुद्धा जोखीमच आहे. आणि जी गोष्ट एकाच लॅपटॉपमध्ये पडून आहे, ती घरातलं कोणी ऐकत नाही. ताईंच्या घरी आरत्या ऐकल्या जाणार आहेत, हे मला मोठं वाटतं. फक्त पहिल्यांदा कॉपी करताना लॅनची वायर लावा.

मांजलपूरकर:
दादा, बॅकअप पुसला जातो तेच तर दुखणं. टाइम मशीन 24 तासांचे तासागणिक, महिन्याभराचे रोजचे आणि त्याआधीचे आठवड्याचे बॅकअप ठेवतं, तेही जागा असेपर्यंत. शेजारच्या फायलींनी जागा खाल्ली की मागचे महिने गळायला लागतात. आणि नेटवर्क ड्राइव्हवरची फाइल डिलीट केली तर ती ट्रॅशमध्ये जात नाही, ‘लगेच पुसली जाईल’ असं विचारून थेट जाते. चौघांच्या हातात दिल्यावर कोणीतरी घाईत ‘ओके’ दाबणारच.

समाकर:
आपल्या वडोदऱ्याचा ऑगस्ट 2024 चा पूर आठवतोय ना? विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या घरात शिरलं तेव्हा आम्ही धान्य, औषधं, कागद आणि लॅपटॉप वर नेले. वायफायचा ड्राइव्ह, वेगळ्याच कंपनीचा, खाली प्लगपाशी राहिला. पाणी ओसरल्यावर उचलला तर फटींतून चिखल गळत होता. लॅपटॉप कोरडा, पण जागा करायला म्हणून त्यातून आईचे फोटो महिन्यापूर्वीच मी स्वतः ड्राइव्हवर हलवले होते. ताई, हलवू नका, कॉपी करा. वायर असलेली वस्तू ऐन वेळी उचलली जात नाही.

अलकापुरीचा दादा:
समाकर, वाचून वाईट वाटलं. मुद्दा मान्य, माझ्याकडेही दुसरी प्रत हवी. तरी कॅप्सूल वापरूच नये, हे पटत नाही. तिच्या मागे यूएसबी पोर्ट आहे. तिथे बाहेरची डिस्क लावून एअरपोर्ट युटिलिटी या कॅप्सूलच्या सेटिंगच्या ॲपमधून ‘आर्काइव्ह’ केलं की आतलं सगळं तिच्यावर उतरतं. मग ती डिस्क काढून कपाटात ठेवा.

मांजलपूरकर:
कपाटात नको, दुसऱ्या घरात. आणि दर दिवाळीला लावून उघडून बघा, चालते का.

रावपुऱ्याची लेक:
समाकर, तुमचं वाचून रात्रीच कॉपी थांबवली. आता असं करते: आरत्या आणि मोडी कागद लॅपटॉपवरच राहतील, दुसऱ्याच फायली काढून जागा करेन. त्यांची एक प्रत कॅप्सूलमध्ये, सगळ्यांना ऐकायला. एक बाहेरच्या डिस्कवर, ती इंदूरला मावशीकडे जाईल. पण मांजलपूरकर, कॅप्सूल फक्त बॅकअपलाच राखून ठेवणार नाही, तेवढं माझं मत कायम आहे. काल आईने स्वयंपाकघरात टॅबवर बाबांची ‘सुखकर्ता’ लावली आणि कणीक मळता मळता थांबली.