संभाजी तलावाजवळ भाड्याने घर घेताना काय बघावं?

बदली_जून
जूनपासून सोलापुरात बदली, ऑफिस सात रस्त्याजवळ. घरात आई-वडील धरून चौघं. पेठेतली गर्दी नको, म्हणून विजापूर रोडला संभाजी तलावाच्या आसपास 11 महिन्यांसाठी टू बीएचके बघतोय. एजंट "लेक व्ह्यू, एकदम शांत" म्हणत दोन हजार जास्त सांगतोय. डास, वास, पाणी, खरं काय?

जुळे_सोलापूरकर
तलाव नंतर बघा, आधी हौदाचं झाकण उघडायला लावा. सोलापुरात घर पाण्यावर ठरतं. नळाला रोज पाणी नसतं आणि उजनीच्या पाइपलाइनला गळती लागली की पाळी आणखी पुढे जाते. म्हणून हिशेब पाच दिवसांचा धरा. माणशी 100 लिटर म्हटलं तरी चौघांचे 2,000. उन्हाळ्यात कूलर दिवसाला 40-50 लिटर पितो, तो वेगळा. (इथली हवा कोरडी, त्यामुळे कूलर छान चालतो, एसीची घाई करू नका.)

हौदाची लांबी, रुंदी, खोली फुटात मोजा, गुणाकार करा आणि त्याला 28 ने गुणा. 5×4×4 चा हौद म्हणजे 80 घनफूट, साधारण 2,240 लिटर. पण फूटव्हॉल्व्ह (मोटरच्या पाइपचं पाणी ओढणारं खालचं तोंड) तळापासून अर्धा फूट वर असला, तर खालचे 280 लिटर मोटर उचलतच नाही. हातात आले 1,960.

हौद मोठा असून उपयोग नाही, तो भरला पाहिजे. पाणी सुटेल त्या दिवशी जाऊन नळाखाली 15 लिटरची बादली लावा. 45 सेकंदांत भरली तर तासाला 1,200 लिटर. दीड मिनिट लागलं तर 600, म्हणजे दोन तास पाणी राहिलं तरी 2,240 लिटरचा तो हौद जेमतेम अर्धा. गल्लीत नळाला थेट मोटर लावणारे असतील तर शेवटच्या घराला नुसती बारीक धार येते. पाणी किती वाजता सुटतं हे मालकाला विचारू नका, शेजारच्या वहिनींना विचारा. रात्री दोनची पाळी असेल तर ते त्याच सांगतील.

काठावरचा
वासाचं सांगतो. तलावात सांडपाणी आणि जलपर्णी हा जुनाच रोग आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाचा गाळ उघडा पडतो, कुजलेल्या जलपर्णीचा वास सुटतो. वारा बहुतेक पश्चिमेकडचा, त्यामुळे तलावाच्या पूर्वेला लागून असलेल्या घरांना तो जास्त लागतो. एजंट सकाळी दाखवेल. तुम्ही संध्याकाळी सातनंतर जा, लाइट लावून, खिडक्या उघड्या टाकून पंधरा मिनिटं बसा. डासांचा अंदाजही तिथेच येईल.

डासांत फरक आहे. रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स घाण पाण्यातला, तो तलाव-गटारातून येतो. त्याला खिडकीची जाळी पुरते, छिद्र दीड मिलिमीटरपेक्षा मोठं नको. डेंग्यूचा एडिस दिवसा चावतो आणि तो तलावात नाही, आपल्याच बॅरलमध्ये वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. जुनं पाणी न उपसता त्यावरच नवं भरत गेलात की त्याचं फावतं. नुसतं ओतून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. आठवड्यातून एकदा बॅरल आणि कूलरची टाकी काथ्याने घासा. हौदाच्या झाकणाला फट नको.

शांततेचं म्हणाल तर विजापूर रोड हा राष्ट्रीय महामार्ग आहे. रोडला लागून घर नको, आतली दुसरी-तिसरी गल्ली बघा. गणपती विसर्जनाला तलावाकडे गर्दी होणारच. सकाळी फिरायला स्मृती उद्यान जवळ आहे, आई-वडिलांची सोय होईल.

बदली_जून
एक घर आवडलंय, पहिला मजला. हौद 6×5×5, पण खालच्या भाडेकरूंसोबत सामायिक. ते पाच जण.

जुळे_सोलापूरकर
150 घनफूट म्हणजे 4,200. तळाचे 420 वजा, उरले 3,780. नऊ माणसं, पाच दिवस: माणशी रोज 84 लिटर, कूलर सोडून. भांडणाला पुरेसं आहे. गच्चीवर 1,000 लिटरची टाकी फक्त तुमच्या नावाची मागा. पाणी चालू असतानाच ती भरून घ्यायची, मागोमाग हौद पुन्हा भरतो. टाकी मिळाली तर घर घ्या, नाहीतर सोडा.

कराराचं_बोला
दोन गोष्टी राहिल्या. भाग काळ्या मातीचा असेल तर दाराच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली चीर बघा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. नुसता गिलावा तडकला असेल तर चालतं. चिरेत नाणं जात असेल तर दुसरं घर बघा. आणि ड्रेनेजचं चेंबर हौदाला खेटून नको. हौदाला बारीक तडा असला की चेंबरचं पाणी आत झिरपतं.

करार रजिस्टर करूनच घ्या. कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे, पण खर्च बहुधा भाडेकरूच्या गळ्यात येतो. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के: भाडं 10,000 आणि अनामत 30,000 असेल तर 11 महिन्यांचे तीनशेच्या आत, शिवाय महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. एजंट चार हजार सांगेल, हिशेब मागा. पाणी आलं नाही तर टँकरचे पैसे कोणी द्यायचे, हे एक वाक्य करारात घालायला लावा. तोंडी "बघू की ओ" वर सही करू नका.