हॉल-किचन एकत्र असेल तर छताचे दिवे

हॉल, किचन आणि जेवणाची जागा सलग आहे, तर सगळीकडे एकसारखेच दिवे लावावेत का, असं विचारलंय. दिवे वेगळे असले तरी चालतील, उजेडाचा रंग मात्र एकच ठेवा. आमच्याकडे ओट्यावर ६५०० केल्विनचे (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; हा पांढराशुभ्र) आणि सोफ्यापाशी ३००० चे (पिवळसर) दिवे लागले होते. मधे भिंत नाही, त्यामुळे अर्धा दवाखाना आणि अर्धं लॉज! शेवटी सगळीकडे ३००० केले, ओट्यावर फक्त जास्त ल्युमेनचे, म्हणजे जास्त उजेड देणारे.

टेबलावर लटकता दिवा घेणार असाल तर टेबलापासून साधारण ७५ ते ९० सेंटिमीटर वर ठेवा. फार खाली आला की समोरच्याचं तोंड दिसत नाही, फार वर गेला की बल्ब थेट डोळ्यात. आणि टेबलाची जागा पक्की झाल्याशिवाय छताला भोक पाडू नका. आमचा दिवा सहा महिने रिकाम्या फरशीवर उजेड पाडत होता, येणारा-जाणारा त्यावर डोकं आपटायचा.

डिझाइन आवडेल ते घ्या, पण प्रत्येक भागाचं बटण वेगळं हवं. डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) लावायचा असेल तर बल्बच्या खोक्यावर 'डिमेबल' लिहिलंय ना ते बघा, साधा एलईडी त्यावर लुकलुकतो नाहीतर गुणगुणत बसतो.