टेक्सास : इमर्जन्सीत सासूबाईंनी 'नो' म्हटलं, आता काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो. सासूबाई बी-२ (पर्यटक) व्हिसावर आमच्याकडे आल्या आहेत. आय-९४ वरची, म्हणजे इथे राहायच्या परवानगीची, तारीख गेल्या महिन्यात उलटली, पण त्याआधीच आय-५३९ हा फॉर्म भरून मुदतवाढ मागितली होती. पावती हातात आहे, निकाल नाही.

परवा रात्री त्या बाथरूममध्ये घसरल्या, उजवं मनगट टम्म सुजलं. इमर्जन्सीत नेलं. मी गाडी लावून येईपर्यंत काउंटरवरच्या बाईंनी टॅबलेटवरचा फॉर्म पुढे केलेला. सासूबाईंना त्यातलं 'सिटिझन' तेवढं कळलं, त्यांनी ठणकावून 'नो' सांगितलं. पुढचा प्रश्न कायदेशीर राहता का असा होता, त्यालाही त्याच सुरात 'नो'! मी पोचले तोवर सहीसुद्धा झालेली. मराठीत, डाव्या हाताने.

प्लास्टर घालून घरी आलो. उपचारांत काही कमी केलं नाही, उगाच कशाला नावं ठेवू. पण 'मला आता परत पाठवतील का गं?' हे त्यांनी दोनदा विचारलंय. त्यांचं नाव सरकारकडे जातं का? मुदतवाढीला धोका आहे का? नवरा म्हणतो, सोडून दे. मला झोप नाही.

प्रतिसाद (डॅलस) : ताई, नाव जात नाही. टेक्सासचे गव्हर्नर ॲबट यांचा ऑगस्ट २०२४ चा आदेश आहे, जीए-४६. १ नोव्हेंबर २०२४ पासून हॉस्पिटलं हे विचारतात आणि दर तिमाहीला राज्याच्या आरोग्य खात्याला आकडे कळवतात: कायदेशीर वास्तव्य नसलेले किती दाखल झाले, किती इमर्जन्सीत आले, खर्च किती झाला. उत्तराचा उपचारांवर परिणाम होणार नाही, हे रुग्णाला सांगायचं असंही आदेशातच आहे. तुमच्या सासूबाई त्या बेरजेत एक झाल्या, इतकंच.

प्रतिसाद (टँपा) : आमच्या फ्लोरिडात हे २०२३ पासून आहे. इथे फॉर्मवर 'उत्तर द्यायचं नाही' असा पर्याय असतो. बाबांना मी घरूनच पढवून नेते, बोट तिथेच ठेवायचं!

प्रतिसाद (डॅलस) : टेक्सासमध्येही उत्तर द्यायची सक्ती नाही. पण चुकीचं 'नो' तसंच ठेवू नका, रजिस्ट्रेशनला फोन करा. मात्र अर्ज प्रलंबित असताना तिथे नेमकं काय लिहायचं, ते आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, आमच्यासारख्यांना नको.

धागाकर्ती : आभार! वकिलांची गुरुवारची वेळ मिळाली. सासूबाईंना बेरजेचं सांगितलं, तर म्हणाल्या, 'मग वजा करायला सांग.'