टॅपेट वाजत नाहीत, तरी तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी का?

चौथागिअर:
४ सिलिंडर, १६ व्हॉल्व्हचं पेट्रोल इंजिन, दोन कॅमशाफ्ट, बकेटवर शिम (म्हणजे व्हॉल्व्हवरच्या वाटीवर फट ठरवणारी चकती). गाडी बहुतेक सीएनजीवरच चालते. गार असताना ठीक, तापलं की आयडलिंगला मिसिंग. प्लग आणि कॉइल अदलाबदल करून पाहिले, मिसिंग तिसऱ्यातच राहतं. गरम इंजिनवर कॉम्प्रेशन १२.५, १२.३, ९ आणि १२.४ बार. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकलं तरी आकडा हलला नाही. टॅपेटचा, म्हणजे कॅम आणि शिममधल्या फटीचा, आवाज मात्र अजिबात नाही. थेट हेड उतरवायचं का?

फीलरगेज:
आवाज नाही, हीच काळजीची गोष्ट. वाजणाऱ्या टॅपेटचा व्हॉल्व्ह निदान पूर्ण मिटतो.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतांश उष्णता सीटमधून (व्हॉल्व्ह मिटताना जिच्यावर टेकतो ती कडी) हेडमध्ये जाते, थोडी दांडीतून गाईडला (दांडी सरकते ती नळी). म्हणजे सीटवर टेकलेला असतो तेवढ्याच वेळात तो निवतो. सीट झिजली की व्हॉल्व्ह तिच्यात खोल बसतो, दांडीचं टोक कॅमकडे सरकतं आणि कॅम-शिममधली फट कमी होते. सीएनजी कोरडं इंधन, त्यामुळे ही झीज लवकर होते. मग तापल्यावर दांडी लांबते, उरलेली फट संपते आणि व्हॉल्व्ह केसभर उघडा राहतो. तिथून जळता वायू निसटतो आणि व्हॉल्व्हची कड खातो. तुमची लक्षणं याच्याशी जुळतात. ऑइल टाकूनही आकडा वाढला नाही, म्हणजे रिंगांवर संशय नको.

हेड उतरवण्याआधी फट मोजा. इंजिन पूर्ण गार हवं. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवा. कॅमचा उंचवटा बकेटच्या बरोबर उलट बाजूला आला की त्या फटीत फीलर गेजची (ठरावीक जाडीच्या पात्यांचं मापक) पाती घाला. ती किंचित घासत सरकली पाहिजे. योग्य आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलमधलाच घ्यायचा.

टीडीसी:
सोबत लीकडाउनही करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती कुठून गळते ते ऐका. दुसऱ्याचे एक्झॉस्ट मिटत आणि इनटेक उघडत असताना तिसरा कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सर्वांत वर, व्हॉल्व्ह मिटलेले) असतो. पुलीवरचा पाना घट्ट धरा, नाहीतर हवेच्या दाबाने क्रँक फिरेल. फुसफुस सायलेन्सरमध्ये ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमध्ये आली तर इनटेक, ऑइल भरायच्या तोंडाशी आली तर रिंगा. कूलंटमध्ये बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट.

चौथागिअर:
तिसऱ्याच्या इनटेकची फट मर्यादेत आहे. एक्झॉस्टच्या दोन फटी ०.०४ आणि ०.०६ मिमी, मॅन्युअलमध्ये ०.३० आहे. फुसफुस सायलेन्सरमधून, तीही इंजिन गार असताना. पातळ शिम टाकून भागेल?

फीलरगेज:
नाही. फट आहे, इंजिन गार आहे, तरी गळतंय. म्हणजे व्हॉल्व्ह किंवा सीट जळली आहे. आता हेड उतरवावंच लागेल. बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करा.

आधी गाईडमधला खेळ तपासा. गाईड ढिलं असताना कापलेली सीट टिकत नाही, कारण व्हॉल्व्ह दर वेळी वेगळ्या जागी टेकतो. जळलेला व्हॉल्व्ह नुसता पेस्टने घासून वाचवू नका. नवा घाला, सीट कापून घ्या, दांडीचे सील नवे लावा. हेडच्या तळाला सरळपट्टी लावून फीलर गेजने वाक बघायला विसरू नका.

सीट कापल्यावर व्हॉल्व्ह आणखी खोल बसतो, म्हणून शिमचा हिशेब शेवटी. जुनी शिम अधिक मोजलेली फट वजा हवी असलेली फट. समजा २.७० ची शिम, फट ०.१२, हवी ०.३०, तर उत्तर २.५२. मग २.५० ची घातली की फट ०.३२ येते, मर्यादेत बसते का पाहा. शिमवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, मायक्रोमीटर लावा.

टीडीसी:
हेड बसवताना एक जपा: ब्लॉकमधली बोल्टची भोकं कोरडी करा. बंद भोकात ऑइल किंवा कूलंट राहिलं तर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉक तडकू शकतो, शिवाय टॉर्क पाना खोटा आकडा दाखवतो. आवळायचं मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने. मॅन्युअलमध्ये शेवटचा टप्पा अंशांत दिला असेल तर बोल्ट बहुधा ताणले जाणारे आहेत. ते नवेच घ्या.