मेणबत्तीवर पेला उपडा ठेवल्यावर पाणी का चढते? सहावीच्या वर्गातील एक अडचण

करवीरचा_गुरुजी

सर्वांना नमस्कार. मी करवीर तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला सामान्य विज्ञान शिकवतो. गेल्या आठवड्यात हवेचे घटक शिकवताना नेहमीचाच प्रयोग केला. खोलगट पितळीत मेणबत्ती उभी केली, पाणी ठळक दिसावे म्हणून त्यात चिमूटभर कुंकू कालवले, मेणबत्ती पेटवली आणि तिच्यावर काचेचा उंच पेला उपडा ठेवला. ज्योत विझली, पाणी पेल्यात चढले, आणि ‘मेणबत्तीने ऑक्सिजन वापरला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन सुमारे एक पंचमांश असतो म्हणून पाणीही तेवढेच चढले’ असे गेली चौदा वर्षे सांगत आलो तसे यंदाही सांगितले.

मधल्या सुट्टीत एका मुलीने त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. पाणी जवळजवळ दुप्पट चढले. ती मला विचारते, “गुरुजी, पेला तोच, हवा तेवढीच, मग ऑक्सिजन जास्त कुठून आला?” उद्या सांगतो म्हणालो, त्याला आता सहा दिवस झाले.

माझे दोन प्रश्न आहेत. या प्रयोगात पाणी नेमके कशामुळे चढते, आणि ते सहावीच्या मुलांना पटेल असे कसे दाखवावे? आणि एक पंचमांश हे प्रमाण खरोखर दिसेल असा, प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतही जमेल असा दुसरा कोणता प्रयोग आहे?

निवृत्त_विज्ञानशिक्षिका

गुरुजी, त्या मुलीचे निरीक्षण बरोबर आहे आणि आपण सगळेच वर्षानुवर्षे देत आलो ते स्पष्टीकरण चूक आहे. मी स्वतः कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत पंधरा-सोळा वर्षे तेच फळ्यावर लिहिले, त्यामुळे आपण एकटे आहात असे मुळीच समजू नका.

आधी हिशेब पाहू. मेण जळताना ऑक्सिजन नाहीसा होतो हे खरे असले, तरी त्याच्या दर तीन आकारमानांमागे साधारण दोन आकारमाने कार्बन डायऑक्साइड पेल्यातच तयार होतो; सोबत तयार होणारी वाफ गार होऊन पाणी बनते, तिचा विचार सोडून देऊ. म्हणजे १०० भाग हवेतील २१ भाग ऑक्सिजन पूर्ण जळाला असे मानले, तरी १४ भाग कार्बन डायऑक्साइड येतो आणि घट फक्त ७ भागांची होते. प्रत्यक्षात तेवढेही होत नाही, कारण ऑक्सिजनचे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास आले की मेणबत्तीची ज्योत विझते. ५ भाग खर्च झाले आणि ३ भागांहून थोडे अधिक परत आले, तर उरलेली घट दोन टक्क्यांचीही नाही. एवढ्याने पाणी पेल्यात बोटभर काय, नखभरच चढेल.

मग उरलेले पाणी कशाने चढते? उष्णतेने. आपण पेला ज्योतीवर आणतो तेव्हा आतली हवा तापून फुगते आणि तिचा काही भाग काठाखालून बाहेर निघून जातो. नीट पाहिले तर सुरुवातीला काठाशी बुडबुडे दिसतात. ज्योत विझली की उरलेली हवा झपाट्याने गार होते, आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पितळीतले पाणी आत ढकलते. हवा ३० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापून पुन्हा गार झाली, तर १०० भागांपैकी सुमारे ८६ भागच पेल्यात उरतात. ही १४ भागांची घट आणि वरची दोनेक भागांची घट मिळून आकडा योगायोगाने एक पंचमांशाच्या आसपास जातो, आणि तिथेच आपली सगळ्यांची फसगत झाली. तीन मेणबत्त्यांनी हवा जास्त तापते, जास्त बाहेर जाते, म्हणून पाणीही जास्त चढते.

मुलांना हे तोंडी सांगण्याआधी दोन गोष्टी करून पाहायला लावा. पहिली, पाणी केव्हा चढते याची वेळ टिपणे: ऑक्सिजन संपल्यामुळे चढत असेल तर ज्योत जळत असतानाच ते हळूहळू चढायला हवे, पण बहुतेक पाणी ज्योत विझल्यानंतर एकदम चढते. दुसरी, मेणबत्तीच नसलेला प्रयोग: काचेची बरणी गरम पाण्याने विसळून, ते पाणी ओतून देऊन, लगेच थंड पाण्याच्या पितळीत उपडी ठेवा. काहीच जळालेले नसताना पाणी चढताना पाहून वर्ग गप्प होतो, हा माझा अनुभव आहे. बरणी तडकू नये म्हणून पाणी उकळते नको, हात लावता येईल इतपत गरम पुरे.

एक पंचमांशासाठी लोखंड गंजवण्याचा प्रयोग करावा: परीक्षानळीत आतल्या बाजूला लोखंडाचा ओला कीस चिकटवून ती पाण्यात उपडी ठेवावी. गंज घन असतो, बदल्यात कोणताही वायू तयार होत नाही, म्हणून ऑक्सिजन जितका कमी होईल तितके पाणी चढते.

दोन_वर्ग_एक_खोली

बाईंचे म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक असेल, त्याबद्दल माझा वाद नाही. परंतु मी तिसरी आणि चौथी एकाच खोलीत घेतो, तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची असते, आणि त्यात तीन तऱ्हेचे प्रयोग मांडायचे म्हटले तर चौथीचा वर्ग परिसर अभ्यास करण्याऐवजी खिडकीबाहेरच्या परिसराचा अभ्यास करतो. शिवाय परीक्षेत हाच प्रश्न आला तर मुलांनी काय लिहावे? खरे उत्तर लिहून गुण गेले तर पालक आपल्यालाच जाब विचारणार. लहान वर्गांना ‘हवेशिवाय ज्योत जळत नाही’ एवढेच दाखवून थांबले तर काय बिघडते?

शिरोलीकर_मास्तर

बिघडत काहीच नाही. उलट लहान वर्गांना मोठा पेला आणि लहान पेला घेऊन ज्योत कुठे जास्त वेळ टिकते एवढेच मोजू द्यावे, त्यासाठी पाण्याची गरजही नाही. अडचण फक्त पाण्याच्या उंचीवरून ऑक्सिजनचे प्रमाण काढण्यात आहे. परीक्षेपुरते ‘हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो’ हे वाक्य दोन्ही बाजूंनी खरेच राहते.

वेळेचे म्हणाल तर गंजाचा प्रयोग सर्वांत सोयीचा आहे, कारण तो आपल्याविना चालतो. शाळा सुटण्याआधी दहा मिनिटांत मांडावा आणि पाणी किती चढले ते पुढे परिपाठाच्या वेळी मोजावे. आमच्याकडे निम्मे पालक लेथवर किंवा फौंड्रीत कामाला असल्यामुळे लोखंडाचा कीस पिशवी भरून मिळतो, पण मी त्यात दोनदा तोंडावर आपटलो आहे ते सांगतो.

पहिल्या वेळी दोन दिवस झाले तरी पाणी जागचे हलेना. कीस तेलकट होता. कटिंग ऑइल लागलेले लोखंड गंजणार कसे? तेव्हापासून कीस धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात दोनतीनदा खळबळून घेतो. भांडी घासायची चकचकीत तारेची घासणी वापरण्याचा मोहही टाळावा, कारण ती स्टेनलेस स्टीलची असते आणि गंजत नाही; त्यांतल्या काही चुंबकालाही चिकटतात, म्हणून चुंबकाने खात्री करता येत नाही.

दुसऱ्या वेळी पाणी चढले, पण जवळजवळ पाव भाग. मुलांनी वहीत ‘ऑक्सिजन २४ टक्के’ असे लिहूनही टाकले. कारण नंतर लक्षात आले: आम्ही नळ्या दुपारी बत्तीस अंशांच्या उन्हाळ्यात मांडल्या आणि सकाळी बावीस अंशांच्या गारव्यात वाचल्या. दहा अंशांच्या फरकाने हवा सुमारे तीन टक्के आकसते. मेणबत्तीच्या प्रयोगातला चोर इथेही मागच्या दाराने आलाच होता! म्हणून कीस घातलेल्या नळीशेजारी तशीच एक रिकामी नळी अवश्य उपडी ठेवावी. रिकाम्या नळीत जेवढे पाणी चढेल तेवढे वजा करावे.

करवीरचा_गुरुजी

सर्वांचे आभार. उशिरा लिहितो आहे, कारण करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

सोमवारी वर्गासमोर आधी माझी चूक सांगितली. गरम पाण्याने विसळलेली बरणी उपडी ठेवल्यावर पाणी चढले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “आमच्या गुऱ्हाळात गरम काकवीचा कॅन बूच लावून ठेवला की सकाळी पोटात गेलेला असतो, तसंच हे.” त्याचे वडील गुळव्या आहेत. माझे पुढचे दहा मिनिटांचे व्याख्यान वाचले.

कीस उद्यमनगरातून आणला आणि शिरोलीकर सरांनी सांगितल्याप्रमाणे सोड्याने धुतला. १५० मिलिमीटरच्या सहा परीक्षानळ्यांपैकी पाचांत ओला कीस आतल्या बाजूला चिकटवून त्या पाण्यात उपड्या ठेवल्या, सहावी रिकामी. बुधवारी सकाळी रिकाम्या नळीत पाणी ४ मिलिमीटर चढलेले होते. तीन नळ्यांत ते ३२ ते ३४ मिलिमीटरच्या दरम्यान होते. ३३ धरून ४ वजा केले तर २९, म्हणजे १९ टक्क्यांहून थोडे अधिक. चौथ्या नळीतला कीस सुटून खाली पाण्यात पडला होता. पाचवीत फक्त ११ मिलिमीटर चढले होते आणि त्या गटाने कीस एकदाच, तोही गार पाण्यात धुतल्याचे कबूल केले.

नळीचे तोंड अंगठ्याने बंद करून ती सुलट केली आणि आत जळती उदबत्ती सोडली, तेव्हा तिचा निखारा लगेच काळा पडला. तीन मेणबत्त्यांवालीने आता नवे काढले आहे: मेणबत्ती विझल्यानंतर पेल्यात १६ टक्के ऑक्सिजन उरतो असे बाई म्हणतात, तर त्या हवेतही कीस गंजायला हवा आणि पाणी आणखी चढायला हवे. पेला गार झाल्यावर खूण करून दोन दिवस ठेवायचे आहे. कीस पेल्याच्या बुडाला कशाने चिकटवावा, हे कोणी करून पाहिले असल्यास कळवावे. मेणाने चिकटवलेला ज्योतीच्या धगीने सुटून पडतो आहे.