अनुभव धागा : गाव सोडून आलेले, वर्गात गप्प असणारे मूल

नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होते, त्यामुळे हिंदी येथे परकी नाही. तरीही छत्तीसगडकडून बांधकामावर येणाऱ्या कुटुंबांची मुले वर्गात महिनोन्महिने बोलत नाहीत, कारण पुस्तकी हिंदी ही त्यांचीही घरची भाषा नसते. अशा मुलांविषयी आपले अनुभव लिहावेत. सल्ल्यापेक्षा प्रसंग लिहिल्यास अधिक उपयोग होईल.

शिक्षिका, चौथीचा वर्ग
विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा आलेली बिलासपूरकडची एक मुलगी पोळ्यापर्यंत अक्षरही बोलली नव्हती. हजेरीला ती केवळ बोट वर करी, आणि मी वैतागून तिला दोनदा फळ्यापाशी उभेही केले होते. दोन्ही वेळा ती रिबिनीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली. पोळ्याच्या सुट्टीआधी शाळेत तान्हा पोळा होता. एका लाकडी नंदीचे चाक निखळले, ते तिने बसवून दिले आणि शेजारच्या मुलीला हळूच म्हणाली, "हमर इहां माटी के होथे." छत्तीसगडातही त्याच अमावस्येला पोरा असतो आणि मुले मातीचा नांदिया बइला ओढतात, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मी मान वर केली नाही, वह्या तपासत राहिले. त्या दोन महिन्यांत मला सुचलेले तेवढेच शहाणपण. वर्गासमोर बोलायला मात्र तिला दिवाळी उजाडली.

निवृत्त लेखापाल, इतवारी
मी सातव्या वर्षी राजनांदगावहून आलो. "काहून बोलत नाही बे?" असे मुले विचारीत, त्याचे मला काही वाटत नसे. मी 'पाणी'ला 'पानी' म्हणे, आणि गुरुजी सुधारणेच्या चांगल्या हेतूने तो शब्द सर्वांसमोर पुन्हा म्हणायला लावीत. त्यानंतर तहान लागली तरी मी पाणी प्यायला जाऊ का, असे कधी विचारले नाही. मला बोलते केले ते शाळेच्या शिपायाने; तो रोज मला एकट्याला "किती वाजले?" असे विचारी आणि मगच घंटा देई.

समुपदेशक
नवी भाषा कानावर पडत असताना मुले काही काळ गप्प राहतात, ते स्वाभाविक आहे. मात्र घरी भरभरून बोलणारे मूल शाळेत स्वतःच्या भाषेतही बोलत नसेल, आणि शाळेचा पहिला महिना वगळून हे महिनाभराहून अधिक चालले, तर सिलेक्टिव्ह म्युटिझमच्या शक्यतेने तज्ज्ञांना दाखवावे. तो हट्ट नसून चिंतेचा विकार आहे.

पालक, धरमपेठ
आमची मुलगी मस्कतहून थेट सहावीत आली. 2020 च्या कायद्याने मराठी सर्व शाळांत सक्तीची झाली आहे आणि तिचे मराठी तर केवळ घरचे, त्यामुळे त्या तासाला ती मान खाली घालून बसे. बाईंनी एके दिवशी तिला बाजूला घेऊन सांगितले, "उद्या मी तुला हाच एक प्रश्न विचारणार आहे." त्या रात्री तिने ते एक वाक्य आजीला अकरा वेळा ऐकवले.