पीनायपॅम मायक्रोजेल: डीएलएस आणि एएफएमचे आकडे जुळत नाहीत

प्रश्न: पीनायपॅम मायक्रोजेल म्हणजे पाण्याने फुगणारे आणि तापवल्यावर आकसणारे पॉलिमरचे सूक्ष्म कण. डीएलएसमध्ये (विखुरलेल्या प्रकाशावरून द्रवातल्या कणांचा आकार मोजणं) व्यास २५ अंश सेल्सिअसला ६२० नॅनोमीटर, ४० अंशांना २९०. सुकवलेल्या नमुन्याची एएफएममधली (बारीक टोकाने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक) उंची मात्र जेमतेम ९०. खरा आकार कोणता? आणि यंग मापांक (कणाच्या कडकपणाचं माप) कसा काढावा?

उत्तर १: दोन्ही आकडे खरे, पण वेगवेगळ्या अवस्थांचे. सुकताना जेल पाणी गमावतं आणि पृष्ठभागावर धिरड्यासारखं पसरतं, त्यामुळे ती उंची व्यास म्हणून वापरूच नका. डीएलएससाठी ०.०१ टक्के द्रावण घ्या आणि प्रत्येक तापमानाला १०-१५ मिनिटं थांबा. आकाराच्या गणितात द्रवाची श्यानता (दाटपणा) तापमानानुसार बदलते आहे ना, हे आवर्जून तपासा. पाण्याची श्यानता २५ अंशांना ०.८९, ४० ला ०.६५ मिलिपास्कल-सेकंद. २५ अंशांचाच आकडा राहिला तर ४० अंशांचा व्यास सुमारे २७ टक्के लहान दिसतो. ३२ अंशांच्या वर मीठ जास्त असेल तर कण गोळा होतात, मग आकुंचनाऐवजी वाढ दिसते.

उत्तर २: मापांक पाण्यातच मोजा. ०.०३ ते ०.१ न्यूटन प्रति मीटरचा कँटिलिव्हर (एएफएमचं टोक बसवलेली लवचीक पट्टी) घ्या. विक्षेप-संवेदनशीलता (पट्टी किती वाकली की किती सिग्नल मिळतो) त्याच द्रवात, कडक काचेवर ठरवा. टोक कणाच्या बरोबर माथ्यावर उतरवा. कडेला घसरलं तर तो बल-खोली वक्र टाकून द्या. हर्ट्झ फिट (त्या वक्रावर सूत्र बसवून मापांक काढणं) फुगलेल्या उंचीच्या पहिल्या १० टक्क्यांपुरताच करा. त्याहून खोल दाबलं की खालची काच जाणवू लागते आणि मापांक उगाच फुगतो. बाहेरचा थर विरळ असल्याने स्पर्शबिंदू धूसर असतो. माझ्या मते सर्वांत मोठी चूक इथेच होते. दाबण्याचा वेगही नोंदवा, कारण जेलमधलं पाणी बाहेर पडायला वेळ लागतो.